पाल्याची रास

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतेय. कुणाला पांढरी बाई दिसली, कुणाच्या छातीवर कोण बसलं... प्रत्येकाला मी मनातल्या मनात एक रक्ततपासणी लिहून देते. मी नर्स आहे. त्यातून माझं घर ख्रिस्ती, रामनगरचं. मूळचे आम्ही खानापूरकडचे. वडील चर्चमध्ये उपदेश करायचे आणि भुताखेतांचं नाव काढलं तरी ताटावरून उठवायचे. तेव्हा माझा विश्वास नव्हता म्हणण्यापेक्षा, तसलं काही मानणं आमच्या घरात चालतच नव्हतं. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मला भाबडी समजू नका.

आमच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती मंडळीमार्फत दरवर्षी थंडीत परदेशातून स्वयंसेवकांचा एक गट येतो. आपल्या खर्चाने येतात, पाणी गाळायचे फिल्टर, चष्मे, औषधं आणतात, तीन-चार वाड्यांवर शिबिरं घेतात. प्रार्थनाही करतात, पण कुणी मागितली तरच — हा नियम मी स्वतः त्यांना गाडीत बसायच्या आधी सांगते. हल्ली दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. मी त्यांची नर्सही आणि दुभाषीही. म्हणजे तिकडचं इंग्रजी इकडे आणि इकडची बोली तिकडे पोचवायचं काम माझं.

त्या वर्षी शिबिर होतं जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्याच्या पुढे एका वाडीवर. वाडीचं नाव लिहीत नाही. डांबरी रस्ता संपतो तिथे गाडी लावायची, मग एक ओहोळ ओलांडायचा, मग चढण, आणि पुढे तासाभराची रानातली पायवाट. वाट एकच. तिला फाटा नाही की आडवाट नाही. चढण संपते तिथे दोन खोडांचा एक मोठा ऐन आहे, आणि त्याच्या बुंध्याशी वाळक्या-हिरव्या फांद्यांची रास असते. जाता-येता माणसं तिच्यावर एकेक फांदी टाकतात. मी ती पूर्वीही पाहिली होती. असतात अशा राशी आपल्याकडे रानोमाळ, कोण लक्ष देतं?

सकाळी मी वाडीतल्या माणसांबरोबर औषधांची खोकी घेऊन पुढे गेले. पाहुणे मागून आले. त्यांच्यात डेव्हिड अंकल म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, निवृत्त सुतार, आणि मार्था नावाची एक उत्साही मुलगी. ही पोरगी रिकामी म्हणून बसायची नाही. शाळेची भिंत रंगव, विहिरीचा कठडा घास, काहीतरी चालूच. सेवेला आलोय तर सेवा करायची, असं तिचं म्हणणं.

शिबिरात पहिला तासभर गुडघे आणि खोकलाच चालला होता. मग गोपाळ नावाचा तरुण आला आणि म्हणाला, घरी चला, बायकोचं डोकं दुखतंय. शेवंतीला आठवा महिना होता. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, डोळ्यांपुढे अंधारी. ब्लडप्रेशर मोजलं, ते भलतंच चढलेलं. तिला टेकू देऊन उठवतोय तोवर झटका आला तिला. दातखीळ बसली, हातपाय ताणले गेले.

बाळंतपणाच्या आधीचा असा झटका म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायला नको होतं. माझ्याकडे होतं तेवढं केलं. पण खरा उपाय दवाखान्यात होता, आणि तोही लवकर. पुढचा झटका कधी येईल सांगता येत नाही, आणि आई आणि मूल दोघंही जाऊ शकतात. वाडीवर मोबाइलला रेंज नाही. मी गोपाळला एवढंच सांगितलं की हिला आत्ता, या मिनिटाला खाली न्यायचं. माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे. रडायला नंतर वेळ असतो.

कांबळं बांबूला बांधून झोळी केली. गोपाळ आणि त्याचे तीन भाऊबंद खांद्याला लागले. शेवंतीचे सासरे, पुनोआजोबा, पुढे कोयता घेऊन. मागे मी, डेव्हिड अंकल, मार्था आणि आणखी एक पाहुणा. भर दुपार होती. ऊन पानांतून स्वच्छ खाली पडत होतं. धुकं नाही, पाऊस नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर मला सगळ्यांनी पहिलं तेच विचारलं.

दोन खोडांच्या ऐनाशी आलो आणि आजोबा थांबले. बुंध्याशी रास नव्हती. खालची माती तेवढी ओली, काळी दिसत होती, झाडून काढल्यासारखी. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मार्थाला विचारलं, तर ती खुशीत म्हणाली, सकाळी येताना आम्हीच साफ केलं. वाटेत इतका कचरा साचला होता, आजारी माणसं अडखळतील म्हणून सगळ्या फांद्या दरीत टाकल्या आणि पाल्याने झाडूनही घेतलं.

मी आजोबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, पण जागचे हललेही नाहीत. म्हणाले, ज्यांनी काढलं त्यांनीच घालाय पायजे, त्यांना सांग सिस्टर. माझं डोकंच फिरलं. झोळीत बाई निपचित पडलीय आणि हे पाल्याचं काय घेऊन बसलेत? मी म्हटलं, परत येताना घाला काय घालायचं ते, आधी चला. गोपाळनेही बापाकडे न बघता बांबू खांद्यावर सरकवला. निघालो.

चढण उतरलो. ओहोळ आला, पाणी पोटरीइतकं होतं. झोळी उंच धरून पार केली. माझे बूट भिजले, सलवार गुडघ्यापर्यंत ओली झाली. पलीकडे गेलं की पाचेक मिनिटांत डांबरी रस्ता दिसतो. वाट जरा वळली...

आणि समोर दोन खोडांचा ऐन. बुंध्याशी झाडून घेतलेली काळी माती.

मला पहिल्यांदा रागच आला. वाटलं, हे चौघे घाबरले आणि कुठल्यातरी चोरवाटेने मागे वळले. पण ओहोळ ओलांडून चढण न चढता वर कसं येता येईल? गोपाळचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याची ही पायाखालची वाट, लहानपणापासूनची. मी म्हटलं, मागे व्हा, मी पुढे चालते. आणि चालले. डोळे वाटेवरून हलवले नाहीत. मनात प्रार्थना चालू होती, मागे पाहुणे मोठ्याने प्रार्थना करत होते. पुन्हा उतार. पुन्हा ओहोळ, पुन्हा तेच पोटरीभर गार पाणी. मी पलीकडच्या काठावर पाय ठेवला, वळण घेतलं, आणि परत त्याच ऐनासमोर उभी राहिले.

तेव्हा मला भीती वाटली. उगाच शूरपणा दाखवत नाही. आणि त्याच वेळी झोळीत शेवंतीचे हात ताठ व्हायला लागले. दुसरा झटका. झोळी खाली ठेवून तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. झटका ओसरला, पण श्वास घरघरत होता. तिसरा तिने सोसला नसता.

पुनोआजोबा माझ्याजवळ बसले. हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, वाट चुकली न्हाई. रानात शिरताना माणशी एक फांदी ठेवायची. त्येच्यावरनं रानाच्या राखणदाराला कळतंय, किती माणसं आत हाईत. तेवढी तो भायेर पोचवतोय. सकाळी आमची मोजदाद हितं होती. ती काडून टाकली. आता त्याच्या लेखी आमी रानात न्हाईच. न्हाई ती माणसं तो भायेर कशी काडंल?"

हे मला पटलं असं नाही. आजही पटत नाही. पण माझ्यासमोर एक बाई मरत होती, आणि माझ्याकडचे सगळे उपाय संपले होते. हातावर हात धरून बसणं मला जमत नाही. मी डेव्हिड अंकलना शब्द न शब्द सांगितलं, गाळलं काही नाही. बरोबरचा तिसरा पाहुणा म्हणाला, हे आपल्याला चालणार नाही, ही पूजा झाली. डेव्हिड अंकलनी टोपी काढली. म्हणाले, मी यांच्या दारात येऊन यांची वस्तू मोडली आहे. दुसऱ्याची मोडलेली वस्तू परत करणं मला देवानेच शिकवलंय.

त्यांनी आणि मार्थाने हिरव्या फांद्या तोडल्या. मार्था रडत होती, पण हात थांबवत नव्हती. माणशी एक, सगळ्यांच्या फांद्या त्या दोघांनी बुंध्याशी ठेवल्या. तो तिसरा पाहुणा तोंड वळवून उभा होता, त्याचीही. गोपाळने शेवंतीची एक तोडून दिली, तीही ठेवली. आजोबा म्हणाले, झालं, उचला.

मी म्हटलं, थांबा.

का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्या वडिलांनी जन्मभर जे करू नको म्हणून सांगितलं, ते करायला माझे हात माझ्याआधी उठले. ऐनाची एक बोटभर डहाळी खुडली, मोठ्या फांद्यांच्या मधोमध ठेवली आणि शेवंतीच्या पोटाकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाले, "हे पण एक हाय. हे पण भायेर यायला पायजे."

आजोबांनी मान डोलावून कोयता उचलला.

उतरलो. ओहोळ ओलांडला. वळण घेतलं, आणि समोर डांबरी रस्ता, आमची गाडी, आणि बॉनेटवर बसून शेंगा खाणारा ड्रायव्हर.

दवाखान्यात वेळेत पोचलो. सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, जेमतेम दीड-पावणेदोन किलोची, काचेच्या पेटीत ठेवली. शेवंती दोन दिवसांनी शुद्धीवर आली.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. डेव्हिड अंकलच्या मनगटावर घड्याळ होतं, चाललेली वाट नकाशावर उमटवणारं. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही ते पाहिलं. मला वाटलं, आम्ही गोल गोल फिरलेलो दिसू, म्हणजे सगळ्याचा उलगडा होईल. रेघ वाडीपासून रस्त्यापर्यंत सरळ होती. ओहोळ एकदाच ओलांडलेला. कुठेही मागे वळलेलं नाही, गिरकी नाही. फक्त ऐनाच्या झाडापाशी आम्ही खूप वेळ उभे होतो, असं ते घड्याळ सांगत होतं.

मग माझे बूट कुठे भिजले? तिसऱ्यांदा उतरायच्या आधीच मी ओली होते. शेवंतीला दुसरा झटका आला तेव्हा माझ्या ओढणीच्या टोकाने तिचं तोंड पुसलं, आणि ती ओढणीही ओहोळाच्या पाण्याने ओलीच होती. आम्ही नऊ जण चालत होतो. नऊही जणांना एकच भास झाला म्हणावं, तर माझी सलवार कुणाच्या भासाने भिजली?

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी बोलावून विचारलं, करुणा, तू झाडाला नमस्कार केलास का? मी म्हटलं, नाही. एका पोरीची नोंद राहिली होती, ती मी केली. ते म्हणाले, कुणाकडे केलीस? माझी श्रद्धा आहे तिथेच आहे. रविवारी मी चर्चमध्ये असते, आणि माझी प्रार्थना त्या दिवशी ऐकली गेली असं मी मानते. आजोबा मानतात, ती त्यांच्या राखणदाराने ऐकली. आम्ही यावरून भांडत नाही. नव्या पाहुण्यांना मात्र मी आता दोन नियम सांगते. मागितल्याशिवाय प्रार्थना नाही, आणि विचारल्याशिवाय सफाई नाही.

उलगडा मला झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचला तर जरूर लिहा, मी हसणार नाही. परवा त्या वाडीवर लसीकरणाला गेले होते. शेवंतीच्या पोरीला गोवराची सुई टोचली, तर अख्खी वाडी डोक्यावर घेतली तिने. एवढीशी कार्टी, पण रडणं असलं खणखणीत, की मी आणि शेवंती हसत सुटलो, आणि हसता हसता आम्हा दोघींच्याही डोळ्यांना धार लागली.