आवणीची रजा

आंदर मावळातल्या त्या वाडीत विकासएवढा उंच माणूस दुसरा नाही. दारातून वाकून शिरायचं, एसटीत गुडघे छातीशी घेऊन बसायचं. असल्या उंचीचं करायचं तरी काय, हे त्याला तळेगावच्या एका कारखान्याच्या बास्केटबॉल संघानं दाखवलं. तिथं तो कंत्राटावर खेळायचा आणि खेळावर त्याचा भारी जीव होता.

यंदा नव्या कराराची बोलणी नेमकी आवणीत, भाताची रोपं लावायच्या घाईत निघाली. विकासची अट एकच, आवणी उरकेपर्यंत रजा. संघाचं सराव शिबिरही त्याच दिवसांत.

"तुझ्या जागी दोन मजूर पाठवतो," व्यवस्थापक सुहास सर म्हणाले.

"मजूर न्हाई चालत, सर. सावडीला घरचंच माणूस लागतं. परवा सगळी वाडी आमच्या खाचरात राबली, आता त्यांच्याकडं मलाच जायला पायजे. आईचं गुडघं गेल्यात."

सरांनी मान डोलावली आणि पगार वाढवला. विकासनं पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी आणखी वाढवला. गडी भाव खातोय, हेच त्यांच्या डोक्यात बसलेलं! शेवटी ते चिडले. "हाव किती करावी माणसानं?"

ज्यानं पैशाचं नावही काढलं नाही, त्याला हावरट म्हणायचं? विकासच्या ते फार जिव्हारी लागलं. सही न करताच तो उठला आणि बोलणी फिसकटली.

घरी आई बायडाबाईनं त्याचा चेहरा बघून ताटात एक भाकरी जास्त वाढली. दुसऱ्या दिवशी तो सावडीला वाडीतल्याच सावळाआबांच्या खाचरात रोपं लावायला गेला. पाठीपेक्षा मनच जास्त दुखत होतं. आता कुठला संघ आणि कुठला खेळ?

तेवढ्यात बांधावर तुषार दिसला. संघातला त्याचा जोडीदार, तळेगावच्या सोसायटीत वाढलेला. त्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि सरळ चिखलात उतरला. त्यानं लावलेली रोपं मागं वळून बघेतो पाण्यावर तरंगायची. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण पठ्ठ्या दिवस मावळेपर्यंत हटला नाही.

ओढ्यावर पाय धुताना तुषार म्हणाला, "मीही सही केली नाही. आपण आपला संघ काढू. आवणी उरकली की रविवारी आमच्या सोसायटीच्या मैदानावर ये. आज राबलोय मी, सावड फेडायला नको?"

विकास चाचरला. "आरं, पन राबलास तू आबांच्या खाचरात..."

"व्हय, मंग फेड माज्यावर आली," शेजारी पाय धुणारे सावळाआबा मध्येच म्हणाले. "पन मला कुटं चेंडू टाकाया येतूय? सावडीला घरचं मानूस चालतं. ह्यो विकास आमच्या घरचाच हाय. यील की."

पायाचा चिखल कधीच निघाला होता, तरी विकास खाली मान घालून पाय धूतच राहिला.