सात आयांची किल्ली

"आई, रविवारी बाळाला पाळण्यात घालायचंय. पट्टे तुझ्याच सांगण्यावरून बांधीन," लेक मिरगुल रशियातल्या कझानहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, आणि पडद्यावर तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चित्र गोठलं.

उल्काननं खिडकीतून पाहिलं. भिंतीला पाठ लावून निम्मी गल्ली फोन धरून बसलेली. उल्कानच्या वायफायला कुलूप नव्हतं. दारी आलेल्याला चहा नाकारत नाहीत, तसंच हेही. पण पहिल्या नातीचा पाळणा काही कोचकोर गावातल्या गल्लीसाठी सोडायचा नव्हता.

लोकरीचे नमदे, जाड गालिचे, शिवणारी बाई ती. टाका चुकला की उसवते, पण हार मानत नाही. चष्मा चढवून राउटरच्या रशियन पुस्तिकेवर बोट फिरवत बसली. राउटरला एन्क्रिप्शन, म्हणजे कुलूप, लावलं. किल्ली म्हणून नवऱ्याच्या सात पूर्वजांची नावं सलग लिहिली. तर तिचाच कॉम्प्युटर घराबाहेर! पुढच्या पानावर उत्तर सापडलं: कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेल्या वायफाय अडॅप्टरलाही कुलपाचा तोच प्रकार आणि तीच किल्ली द्यायची. दिली. लागलं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र गोठलं. बाहेर नवऱ्याचा चुलतभाऊ जुमाली फोनवर घोडेस्वारांचा सामना बघत मजेत बसलेला.

"भावजी, किल्ली कुणी दिली?"

"द्यायला कशाला हवी, वहिनी? सात पूर्वज ज्याला येत नाहीत तो किर्गिझ कसला! तुमच्या घरचे तेच आमचे. पहिल्याच फटक्यात उघडलं."

"आणि मग गल्लीला सांगितलंत?"

"गल्लीला काय सांगायचं? सगळे एकाच कुळातले!"

उल्कान कपाळावर हात मारून आत गेली. बाप्यांची नावं तर शेंबड्या पोरालाही पाठ. आणि आयांची? लोकर कुटताना आजीनं तिच्याकडून म्हणून घेतली होती: आई, आजी, आजीची आई, अशा सात बायका. तिनं राउटरची किल्ली बदलली. मग अडॅप्टरसाठीही एकेक अक्षर तसंच टाइप केलं. हिरवा दिवा लागला. बाहेर भिंतीपाशी गलका उठला.

"वहिनी, काय घातलंत?"

"सात आया माझ्या. सांगा बघू, तुमच्या आजीच्या आईचं नाव काय?"

जुमालीनं टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "म्हातारी... म्हातारीच म्हणायचे तिला."

"मग बसा शोधत!"

रविवारी तिनं दार सताड उघडून सगळ्यांना आतच बोलावलं, कणकेचे बोरसोक तळले. चित्र आरशासारखं स्वच्छ. "डावा हात आधी, मिरगुल. घट्ट नको गं, पोर आहे, पोतं नाही! आता म्हण, हा हात माझा नाही, उमाय आईचा हात."

लेकीनं बाळं राखणाऱ्या त्या देवीचं नाव घेतलं, पट्टे बांधले, पाळणा हलवला. बाळानं जांभई दिली आणि डोळे मिटले. बायकांनी मिठाई उधळली. जुमाली आनंदानं ओरडायला उठला, तशी उल्काननं त्याची बाही धरून खाली बसवलं.

"हळू, भावजी! नात झोपलीय माझी."