मासळीवरचा आळ

दुपारची जेवणं उरकली की पनवेलचं आमचं नर्सिंग होम पेंगायला लागायचं. पंखे फिरत राहायचे, बाळंतिणी कुशीवर वळून झोपायच्या, पाळण्यातली बाळं स्वतःशीच काहीतरी कुरकुरायची, आणि आम्ही सिस्टर लोक वरच्या मजल्यावरच्या खोलीत गॉजच्या घड्या घालत बसायचो. जाळीदार पांढऱ्या कापडाचा लांब पट्टा कापायचा, कडा आत दुमडायच्या, चौकोन करायचा, एकावर एक रचायचा. हात आपोआप चालत आणि मन कुठंही जाऊन यायचं. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा, कधी धुरकट, कधी इतका जवळ की वाटायचं, हात लांबवून त्यालाही एक घडी घालावी. वारा खाडीकडून आला तर खारट वास यायचा, तळोज्याकडून आला तर कारखान्यांचा. त्या खोलीत मी कितीतरी वर्षं अर्धी झोपेत आणि अर्धी जागी अशी काढली, आणि खरं सांगायचं तर मला ती फार आवडायची.

दोन हजार दहाच्या आगेमागेचा तो काळ. मला तिथं नाव नव्हतं. कुणालाच नव्हतं. पेशंट, नातेवाईक, खालचा मेडिकलवाला, खुद्द डॉक्टरसुद्धा सगळ्यांना ‘सिस्टर’ म्हणायचे. हाक आली की दोघीतिघी एकदम वळून बघायच्या आणि मग हाक मारणारा बोटानं दाखवायचा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. सुकापूरच्या घरी नावानं हाका मारायला आई होतीच, आणि ती त्यात अजिबात काटकसर करायची नाही.

घड्या घातलेलं गॉज स्टीलच्या गोल ड्रममध्ये भरायचं आणि ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचा. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेनं जंतू मारणारा एक मोठा कुकर, फक्त त्यात वरणभात नसतो. ड्रमवर एक चिकटपट्टी लावायची. तिच्यावर फिक्या रेघा असतात. आतली वाफ हवी तेवढी तापली आणि हवा तेवढा वेळ टिकली की त्या काळ्या पडतात. काळ्या पडल्या तरच ड्रम ऑपरेशनला घ्यायचा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही हे ठाऊक असतं.

त्या वर्षी रेघा काळ्या पडेनाशा झाल्या. आधी तपकिरी यायच्या, मग पाणी जास्त पडलेल्या चहासारख्या. मशीनमधली वाफ कुठून तरी निसटत होती. माझ्याबरोबर केरळची एक सिस्टर होती. मराठी ती पेशंटांकडूनच शिकली होती, त्यामुळे तिच्या बोलण्यात आगरी, हिंदी आणि मल्याळम यांची खिचडी असायची. तीच पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, “सर, मशीन बराबर नाय. रेघा येत नाय.” सर म्हणाले, मेकॅनिकला सांगितलंय. मग मी गेले. मलाही तेच उत्तर. तो मेकॅनिक कुठल्या गावाहून चालत निघाला होता देव जाणे, आम्हाला काही त्याचं दर्शन झालं नाही.

सर वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हाताला गुण होता. अडलेल्या बाळंतिणीजवळ ते नुसते येऊन उभे राहिले तरी तिचा श्वास शांत व्हायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नव्या मशीनचा विषय निघाला की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं. “दुप्पट वेळ लावा, चालून जातं,” म्हणायचे. आम्ही दुप्पट वेळ लावत होतो. रेघा फिक्याच राहात होत्या, आणि त्याच ड्रममधलं गॉज बायकांच्या पोटावर जात होतं.

बाहेर कुठं बोलावं, तर आमची मूळ सर्टिफिकेटं सरांच्या केबिनमधल्या कपाटात. नोकरीला लागताना ती जमा करायची, असा तेव्हा बऱ्याच ठिकाणचा रिवाज होता. ती हातात नसली तर दुसरा दवाखाना दारात उभा करत नाही, आणि आमचं घर माझ्याच पगारावर चालायचं. सरांनी रागावून कपाट उघडलंच नाही, तर माझं सगळं शिक्षण त्यातच पडून राहणार होतं. मला याची खरोखर भीती वाटायची. 

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे गेले. जिना अंधारा होता, वर गेल्यावर मात्र खोलीभर ऊन. त्यांनी चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडे तक्रार करता येईल. पण निनावी अर्जाला कुणी विचारत नाही. आणि नाव घातलंत, तर ते तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर आधी पोचेल.”

“मग मला कायद्याचं काही संरक्षण?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “सरकारी कारभारातल्या भानगडी उघड करणाऱ्यांसाठी कायदा करायचं दिल्लीत चाललंय. खाजगी दवाखान्यातली नर्स त्यात बसत नाही. तुम्हाला काढलं, तर मी भांडेन, पण तुमच्यामागे उभा राहील असा कायदा आज तरी मला दिसत नाही. सर्टिफिकेटं मात्र त्यांना अडकवून ठेवता येत नाहीत. तेवढी मी काढून देईन.”

घरी न जाता मी वडाळे तळ्याच्या काठी बसून राहिले. पाण्यात ढग हळूहळू सरकत होते आणि मला वाटत होतं, आपण कुणालाच दिसत नाही आहोत. ते वाटणं भीतीचं नव्हतं, उलट बरं वाटत होतं. तसंच राहावं, कुणाला दिसूच नये, असं मी स्वतःला समजावलं आणि संध्याकाळी उठून घरी गेले.

मग उरणकडची ती मुलगी आली. कोळ्यांची, पहिलटकरीण. सिझेरियन करावं लागलं. बरोबर तिची आई, आम्ही तिला मावशी म्हणायचो, बाजारात मासळी विकणारी, आवाज असा की तळमजल्यावर बोलली तर वरच्या खोलीतलं गॉज हलावं. लेकीला दूध यावं म्हणून ती रोज मुशीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, कालवण आणि भाकरी घेऊन यायची आणि आम्हालाही हातात घास दिल्याशिवाय सोडायची नाही. “खा गो सिस्टर. तुमी बी कोनाच्या पोरीच हाव ना?” असं म्हणायची. केरळची सिस्टर त्या कालवणासाठी आपलं जेवण लांबवायची.

काही दिवसांनी मुलीला ताप चढला. ड्रेसिंग सोडलं तर टाके पिकलेले. सर राउंडला आले, जखम पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि मावशींना विचारलं, “हिला खायला काय देता?”

“मुशी देतो, डाक्टर.”

“तरीच! मासळीनंच टाके पिकलेत. बंद करा ते सगळं.”

असं म्हणून सर पुढच्या कॉटकडे गेले. त्यांना यात विशेष काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. मासळीनं जखम चिघळते हे इतके लोक म्हणतात की ते तोंडात आयतंच येतं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी डबा आणेना. डाळभात आणायची, तोही गावातल्या खानावळीतला. स्वतःच्या हातचं काही आणायला घाबरायला लागली होती. मुलीच्या उशाशी बसून राहायची आणि आपले तळवे बघायची. आवाज कुठं गेला कोण जाणे. एका दुपारी मी ड्रेसिंग बदलत होते, तेव्हा हळूच म्हणाली, “सिस्टर, जल्मभर मासली विकली, मासली खाल्ली. आनि माज्याच हातान माज्या पोरीला इख दिला मी?”

माझ्या हातातला चिमटा थांबला. इतके दिवस मी सगळं गिळलं होतं, पण हे मला गिळता येईना. मशीन आमचं फुटकं, आणि आळ कुणावर, तर तिच्या रांधण्यावर! राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूला सगळ्या झोपल्या होत्या. मी म्हटलं, “मावशी, तुमच्या कालवणानं काही झालेलं नाही. आमचं वाफेचं मशीन बिघडलंय. जखमेवर लावतो ते कापड नीट शुद्ध होत नाही. मुलीला चांगल्या औषधांनी बरं वाटेल, पण तुमचा दोष नाही. अजिबात नाही.”

ती पदर खोचून उठली आणि तिचा हरवलेला आवाज सरांच्या केबिनच्या दारात सापडला. “डाक्टर, माजी मासली वाईट नाय. तुमचा मशीन वाईट हाय!”

सगळा दवाखाना जागा झाला. सरांनी मला आणि केरळच्या सिस्टरला केबिनमध्ये बोलावलं आणि मावशींना विचारलं, “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सिस्टरनी.”

“कुठल्या?”

“मना काय ठाव? सिस्टर म्हंजे सिस्टर. सगल्या पांढऱ्या कपऱ्यान सारक्याच दिसतान.” मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सर मग केरळच्या सिस्टरकडे वळले. “तूच ना? पहिल्यापासून तुझं मशीन मशीन चाललंय. उद्यापासून यायचं नाही. आणि सर्टिफिकेटं विसरून जा.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मराठी, हिंदी सगळं विसरून ती मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटली. तिनं माझं नाव घेतलं असतं तर ती सुटली असती. वरच्या खोलीत आम्ही एकमेकींपासून काही लपवलं नव्हतं, कोण बोललं असेल हे तिला बरोबर कळलं होतं. ती जमिनीकडे बघत राहिली.

“सर, ती नाही. मी सांगितलं,” मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू आला.

सर माझ्याकडे वळले. “तुम्ही? काय हो नाव तुमचं?”

इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर हा प्रश्न. मी नाव सांगितलं, आडनावासकट.

“यातून तुम्हाला कुठला कायदा वाचवणार नाही, कळतंय ना?”

“माहीत आहे, सर. विचारून आलेय.”

त्याच दुपारी मी घरी आले. केरळच्या सिस्टरची नोकरी राहिली. दोघी एकदम गेल्या असत्या तर ड्रम कुणी भरला असता? वकीलबाईंनी नोटीस पाठवली आणि बऱ्याच दिवसांनी माझी सर्टिफिकेटं कुरियरनं आली, सोबत चिठ्ठी नाही की काही नाही. मधल्या काळात मी नगरपालिकेत जाऊन पूर्ण नावानिशी तक्रार दिली. आता घाबरायला काही शिल्लकच नव्हतं. बोलण्याची जी मोकळीक कायद्यानं नोकरीत असताना द्यायला हवी होती, ती मला नोकरी गेल्यावर मिळाली, आणि याचा राग माझा अजून गेलेला नाही. तपासणी झाली, नवं मशीन आलं. ते मी कधी पाहिलं नाही.

ते दिवस कसे गेले ते आठवत नाही, दुपारी तेवढ्या आठवतात. आई झोपलेली असायची, सुकापूरच्या नव्या इमारतींवर कुठंतरी ठोकठोक चाललेली असायची, आणि मी रुमाल, टॉवेल, पिशव्या, मिळेल त्या कापडाच्या चौकोनी घड्या घालत बसायचे.

अशाच एका दुपारी दारावर थाप पडली. बघते तर मावशी, बरोबर लेक, लेकीच्या कडेवर बाळ. केरळच्या सिस्टरकडून सुकापूर एवढंच कळलं होतं, पुढं ‘सिस्टर कुटं ऱ्हाते’ असं वॉचमन लोकांना विचारत विचारत त्या आल्या होत्या. मुलीची जखम भरली होती. तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं, ते गरम आणि जड होतं, आणि मला एकदम रडू फुटलं. नोकरी गेल्यापासून मी रडले नव्हते. मावशी शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

जाताना ती दारात थांबली. मला वाटलं, एवढी शोधत आली, हिला आता तरी सांगावं. म्हटलं, “मावशी, माझं नाव...”

“नको सांगू,” ती घाईनं म्हणाली. “डाक्टरनी इचारला तवा ठाव नव्हता, म्हनून सरल सांगता आला. उद्या कोन इचाराला आला त खोटा बोलाला लागंल.”

“अहो, आता सगळ्यांना माहीत झालंय.”

“झाला आसंल,” ती चप्पल घालत म्हणाली. “माज्या तोंडून नाय.”