दुधाच्या कॅनमधले डिझेल

माझ्या धाकट्या भावाचा ट्रक राजुरीहून टोमॅटो किंवा कांदा भरून थेट गुवाहाटीपर्यंत जातो. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या केबिनमागे ॲल्युमिनियमचे दोन दुधाचे कॅन दोरीने आवळलेले असत. त्यांत दूध नसे, डिझेल असे. आणे घाट चढण्यापूर्वी तो ओळखीच्या पंपावर टाकी भरून घेई आणि वर हे दोन कॅन. पुढच्या मुलखातल्या पंपांवर त्याचा विश्वास नव्हता. आमच्या भागात घरोघरी दुभती जनावरे असल्यामुळे कॅन ही वस्तू मुद्दाम आणावी लागत नाही. पोचा आलेले एकदोन गोठ्याच्या भिंतीशी पडलेलेच असतात. झाकण घट्ट बसते, कडी मजबूत असते. गावातले बहुतेक ट्रकमालक हेच करीत आणि त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नसे.

मला वाटे. घोडेगावच्या कोर्टात मी आयुष्यभर लिपिक होतो. तेथे जाता-येता शिनोलीजवळ रस्त्याच्या कडेला जळून गेलेली एक जीप मी अनेक महिने पाहिली होती. मागच्या बाजूला इंधनाचा डबा ठेवलेला होता, एवढेच तिच्याविषयी समजले. भावाला मी तोंडी तीनदा सांगितले.

"दादा, लई झालं तुमचं," तो म्हणाला. "एकदा गुवाहाटीला चला माझ्यासंगं. जंगलात टाकी संपली म्हंजे तुमच्या कायद्यावर गाडी चालत न्हाई."

मग मी नियम मिळवून वाचले. माझ्या रागाला सोयीचे असे त्यांत फारसे नव्हते. डिझेल किती न्यावे याबाबत कायदा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच उदार निघाला; दोन कॅनांचे त्याला काहीच वाटत नव्हते. ते कशात न्यावे याबाबत मात्र तो काटेकोर होता आणि दुधाचा कॅन त्या व्याख्येत कोठेही बसत नव्हता. तेवढा आधार मला पुरेसा होता. मी भावाला चार परिच्छेदांचे पत्र लिहिले आणि ते रजिस्टर पोस्टाने पाठवले. आमची दारे एकाच अंगणात उघडतात. पोस्टमन माझ्या ओट्यावर पाणी प्यायला आणि पाकीट घेऊन बारा पावले पलीकडे गेला.

भाऊ तेव्हा ट्रकवर होता. पाकीट त्याच्या बायकोने सही करून घेतले. माझ्या या भावजयीविषयी येथे सांगितले पाहिजे. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे धाकटी सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने मला जे सांगितले ते माझ्या पत्नीमार्फत, आणि पत्नी गेल्यानंतर भिंतीकडे पाहून. घरच्या सात गाई तिच्या. गावच्या दूध संकलन केंद्राची सभासदही तीच, आणि इतक्या वर्षांत तिचे दूध एकदाही परत आले नव्हते. ही गोष्ट ती कधी बोलून दाखवत नसे, पण केंद्रावर कॅन उतरवताना तिच्या मानेत ती दिसे.

तिने पत्र फोनवर भावाला वाचून दाखवले. परिवहन कार्यालयाला प्रत पाठवण्याचा इशारा तिसऱ्या परिच्छेदात होता. भाऊ परतला तो सरळ गॅरेजमध्ये गेला. चासीला दुसरी टाकी बसवून, तिची रीतसर नोंद करून घेऊनच तो घरी आला. दोन्ही कॅन त्याने अंगणात आदळले.

"घ्या तुमचा मुद्देमाल," तो माझ्या दाराकडे बघून म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कांदा भरून निघून गेला.

मी जिंकलो होतो, आणि चार दिवस त्या समाधानात होतो.

पाचव्या दिवशी सकाळी भावजय दूध घालून लवकर परत आली. एक कॅन भरलेलाच होता. केंद्रावर सचिवाने झाकण काढले, वाकून वास घेतला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "वहिनी, गाई डिझेलवर चालवता का काय?" लोक हसले. त्यानंतर मात्र तो हसला नाही. भेसळीचा संशय म्हणून तिचे दूध घेणे बंद झाले. दाराजवळच्या काळ्या फळ्यावर तिचे नाव लिहिले गेले. आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायचा, तो समाधानकारक नसेल तर सभासदत्व रद्द.

डिझेलचे ते कॅन तिने सोड्याच्या कढत पाण्याने तीनदा धुतले होते आणि दोन दिवस उन्हात पालथे घातले होते. झाकणाच्या आतली रबरी रिंग तेवढी राहिली. त्या रबराने डिझेल पिऊन ठेवले होते.

खुलासा लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. पहिल्या मसुद्यात मी सगळा दोष भावावर ठेवला: त्याने पात्राचा बेकायदेशीर वापर केला, त्याचे हे फळ. मसुदा निर्दोष होता. त्यात फक्त एका प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि कोणीही सचिव तोच प्रश्न विचारणार होता: डिझेलचे कॅन दुधाला परत कोणी लावले आणि का?

मी ते भावजयीला भिंतीकडे पाहून विचारले. ती आत गेली आणि माझे पत्र घेऊन आली. चौथ्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ होती. 'सदर पात्रे ज्या प्रयोजनासाठी बनविण्यात आली आहेत, त्याच प्रयोजनासाठी यापुढे वापरण्यात यावीत.' खाली माझी सही.

तो परिच्छेद मी केवळ पत्र भरदार दिसावे म्हणून घातला होता. तीन परिच्छेदांत म्हणणे संपले होते. कोर्टात असताना अशी वाक्ये मी शेकड्यांनी लिहिली; ती कोणी अमलात आणल्याचे माझ्या पाहण्यात नाही. येथे तसले एक वाक्य एका बाईने शब्दशः अमलात आणले होते, कारण थोरल्या दिराला उलट विचारायची सोय तिला आम्ही ठेवली नव्हती.

दुसरा मसुदा मी त्याच दुपारी लिहिला. कॅन माझ्या लेखी सूचनेवरून दुधासाठी वापरण्यात आले, सूचना देताना मी पुरेसा विचार केला नव्हता, मूळ पत्राची प्रत सोबत जोडली आहे. तिच्या बाजूने एक वाक्य असावे म्हणून शेवटी लिहिले, 'सभासदाकडून हा प्रकार अनवधानाने घडला.' सहीसाठी कागद तिच्याकडे दिला. तिने तो उभ्याने वाचला.

"दादा," ती म्हणाली. भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहून. "शेवटचं वाक्य काढा. अनवधानानं नाय झालं. मी नीट वाचून केलं व्हतं."

"ते तुमच्याच सोयीचं आहे," मी म्हणालो.

"सोय नको. फळ्यावर भेसळ लिवलंय त्यांनी. आता येडी म्हणून बी लिवतील."

मी वाक्य खोडले, आणि खाडाखोड राहू नये म्हणून कागद पुन्हा लिहिला. तिने सही केली, खाली मी केली. केंद्रावर कागद घेऊन मीच गेलो. सचिवाने खुलासा वाचला, मग जोडलेले पत्र वाचले, मग पुन्हा खुलासा वाचला.

"म्हंजे चूक तुमची व्हय?"

"तसे त्यात लिहिले आहे."

"न्हाई, तोंडानं सांगा ना राव. रजिस्टरात टिपायचंय."

रांगेत सकाळचेच लोक होते. मी तोंडाने सांगितले. त्याने ओल्या फडक्याने फळ्यावरचे नाव पुसले.

संध्याकाळचे दूध तिने नव्या कॅनमधून नेले. जुने दोन भंगारवाल्याला दिले. भाऊ गुवाहाटीहून आल्यावर त्याला सगळे समजले असावे. पुढे घाटातल्या खड्ड्यांबद्दल मी बांधकाम विभागाला पत्र लिहीत ओट्यावर बसलो होतो, तेव्हा भावजय चहा ठेवायला आली आणि कागदाकडे बघत तशीच उभी राहिली.

"किती परिच्छेद झाले, दादा?" तिने विचारले.

मी मोजले. तीन झाले होते. खाली सही केली.