आज तू पाव्हणी

निवाऱ्याच्या दारात मावशी प्रत्येक विद्यार्थ्याची हनुवटी दोन बोटांनी वर करायच्या, चेहरा बघायच्या आणि मगच हातात बादली द्यायच्या. एखाद्याला मात्र बादली मिळायची नाही. "आज तू पाव्हणा. जा, बस पंगतीत."

म्हणजे त्या दिवशी काम बंद. बीडच्या रस्त्यांवरून आलेल्या बेघर माणसांच्या ओळीत मांडी घालून बसायचं आणि त्यांच्यातलंच कुणी वाढेल ते खायचं.

मावशी निवाऱ्याच्या राखणदार. मी कॉलेजात शिकवते. विद्यार्थी स्वयंसेवकांच्या पाळ्या लावणं माझ्याकडे. माझा तक्ता चोख असे, म्हणून ही पद्धत मला अडचणीची वाटे.

"मावशी, आज अंघोळी घालायला मुलं कमी पडतील."

"पडू द्या. मळ काय पळून चाललाय का?"

आष्टीची एक मुलगी कशालाच नाही म्हणत नसे. जागा रिकामी राहिली की मी तिचं नाव घालायचे. मावशी गुडघ्यांच्या दुखण्याने रजेवर होत्या, त्या आठवड्यात तिच्या सहा पाळ्या झाल्या. मी त्या लिहिल्या होत्या, पाहिल्या नव्हत्या. नखं कापताना एका म्हाताऱ्या बाबांनी हात मागे ओढला, तशी ती त्यांच्यावर किंचाळली आणि नेलकटर फेकून रडत बसली. मी तिचं नाव कमी करायचं ठरवलं.

मावशी परतल्यावर म्हणाल्या, "का म्हून काढता तिला? पोरगी वाईट न्हाई, लई दमलीय. तुमच्या कागदाला दम लागत न्हाई, मॅडम."

दुसऱ्या दिवशी ती पाव्हणी झाली. पोहे वाढायला मावशींनी त्याच बाबांना उभं केलं. "घे बाई, लिंबू पीळ," एवढंच ते बोलले. तिने दोनदा घेतले.

ती टिकली, आठवड्याला दोन पाळ्यांवर. तक्त्यात मी 'पाव्हणे' असा रकाना वाढवला.

पुढे गुडघे फारच धरले, तेव्हा मावशी काम सोडून लेकीकडे दिंद्रुडला गेल्या. सोमवारी तक्ता पाहिला, तर पाव्हण्यांच्या रकान्यात माझं नाव. अक्षर आष्टीच्या मुलीचं.

"जाताना मावशींनी लिहायला लावलं," ती म्हणाली. "म्हणाल्या, मॅडम एकदा बी बसल्या न्हाईत."

मी बसले. बाबांनी पोहे वाढले. खाताना मी दोनदा दाराकडे पाहिलं. मुलं आपापली बादली स्वतःच उचलून आत येत होती.