रुमालाखालची दोन बोटं

सांगलीत अजूनही कुणी कुणाला सांगतं, की आम्ही रातोरात पळालो. साफ खोटं आहे. आम्ही सांगली सोडली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. दोन ट्रंका, एक वळकटी, पितळी डब्यांचं पोतं आणि सुमनच्या मांडीवर आमची चार वर्षांची विजू. टांगेवाल्यानं विचारलं, "मागच्या रस्त्यानं घिऊ काय?" मी म्हणालो, "न्हाई, पेठेतनंच घे." हळदीची पेठ नुकतीच उघडत होती. माझ्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसलेली माणसं गादीवर होती. टांगा दिसला तसं प्रत्येकाला काही ना काही काम निघालं. कुणी काटा पुसला, कुणी पोत्याची शिवण तपासली. एकाचाही हात वर झाला नाही. हे सगळं मी डोळे उघडे ठेवून बघितलं, आणि ते लिहून ठेवायला मला आठ वर्षं लागली.

पेठेतल्या जुन्या सोबत्यांनो, हे तुम्हालाच लिहितोय. आणि माझ्यासारखे जे असेच टांग्यात बसून गेले, कुणी मिरजेला, कुणी मुंबईला, त्यांनाही.

आमचा धंदा हळदीचा, वडिलांपासूनचा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. हळदीचा सौदा तोंडानं होत नाही, हे सांगलीकराला सांगायला नको, पण साताऱ्यात मला दहा जणांना समजावावं लागलं. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. आधी शेकडा, मग दशक, मग सुटे रुपये. शेजारी उभ्या असलेल्यालासुद्धा भाव कळत नाही. मी सोळा वर्षांचा असताना अण्णांनी पहिल्यांदा माझा हात रुमालाखाली घेतला आणि म्हणाले, "तोंडाकडं बघू नगंस. हाताला घाम हाय का ते बघ." अण्णा गेले, पण कुणाचाही हात हातात आला की आजही मला ते वाक्य ऐकू येतं.

चूक मीच केली, ते आधी कबूल करतो. हरिपूरच्या बाजूला जमिनीत खोल पेवं असतात, हळद साठवायची. तोंड लिंपलं की दोन-दोन वर्षं माल आत राहतो. आपल्याकडे न उघडलेलं पेव नुसत्या नंबरावर विकलं जातं. पेठेतल्या एका बड्या शेटजींकडून मी अशी नऊ पेवं घेतली. मी विचारलं, "आत ओल निघाली तर?" ते म्हणाले, "तर निम्मं तुझं, निम्मं माझं. पेठेची रीत हाय ती." त्यांचा हात कोरडा होता. पेवं उघडली तेव्हा दोन चांगली निघाली. सातांमध्ये पाणी उतरलेलं, हळद काळी पडून कुजलेली, वास असा की मजुरांनी नाकाला फडकी बांधली. शेटजी म्हणाले, "असं मी कवा म्हणालो? कागद दाव." रुमालाखालच्या सौद्याला कागद कुठला?

बँकेचं कर्ज होतं, शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे होते. वकील म्हणाले, नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करा. कोर्टानं माणूस नेमला, त्यानं दुकान, काटे, बारदान, घरातला रेडिओसुद्धा विकला आणि आलेले पैसे देणेकऱ्यांत वाटले. रुपयाला चार आणे. शेटजींनी पुढं स्वतःच्या नावाचं मंगल कार्यालय बांधलं. तुम्ही त्यात आपल्या पोरींची लग्नं लावली. मला राग येतो तो ह्याचा.

साताऱ्याला आलो तो दुष्काळाच्या आदल्या वर्षी. सुमनच्या मामेभावाच्या ओळखीनं एका धान्याच्या दुकानात दिवाणजीची नोकरी मिळाली. सांगलीत मी गादीवर बसायचो, इथं गादीच्या कडेला बसून पावत्या फाडायला लागलो. चढाचे रस्ते, झोंबणारा गार वारा, हाकेला धावून येणारं जवळचं कुणी नाही. महिन्याभरात माझे हात पांढरे पडले. वीस वर्षं नखांच्या कडा पिवळ्या होत्या. सुमन हसून म्हणायची, आवं, जन्मभर नवरदेवच दिसणार तुमी. त्या पिवळ्या कडा गेल्या तेव्हा तिनं माझे हात उजेडात धरून उलटसुलट बघितले. माहुलीला कृष्णेवर गेलो की वाटायचं, इथलं पाणी दोन दिवसांत सांगलीला पोचेल. हात धुतलेलं पाणीसुद्धा मला तिकडं धाडायचं नव्हतं.

तरी सांगली मागं आलीच. आमच्या घरमालकाला एक कार्ड आलं: तुमचा भाडेकरू नादार आहे, दक्ष असावे, एक हितचिंतक. मालक भला माणूस, त्यानं कार्ड माझ्याच हातात दिलं आणि वर तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. अक्षर मी ओळखलं. बापू, ते तुझं होतं. शाळेत तुझे निबंध मी उतरवून घेतलेत, तुझा "क्ष" मला डोळे मिटूनही ओळखता येईल. सही करायची होतीस.

चौथ्या वर्षी कोर्टानं मला नादारीतून मुक्त केलं. जुन्या देण्यांपासून सुटका झाल्याचा हुकूम, मोहोर लावलेला. मी तो सुमनला दोनदा वाचून दाखवला. आम्ही विजूला पेढे आणले. मला खरंच वाटलं, की आता संपलं, उद्यापासून आपण चारचौघांसारखे. मी किती भाबडा होतो ते पुढच्या आठ दिवसांत कळलं.

बँकेत खातं उघडायला गेलो. ओळख देणारा खातेदार आणा म्हणाले. दुकानमालकांना विचारलं तर ते म्हणाले, "तुमचं काम चोख हाय, पण सहीचं तेवढं नको." शिलाई मशीन हप्त्यानं घ्यायचं होतं, तिथं जामीन लागत होता. बाजार समितीचा परवाना मागितला, तर म्हणाले, मामलेदार कचेरीतून ऐपतीचा दाखला आणा. कचेरीत शिस्त पाळा, कमी बोला अशा पाट्या लागल्या होत्या. तिथल्या कारकुनापुढं मी कोर्टाचा हुकूम ठेवला. त्यानं तो वाचला आणि म्हणाला, "हे सुटल्याचं झालं. ऐपत कुठं हाय ह्यात?" मला विचारायचं होतं, की सगळं विकून देणी भागवल्यावर माणसाकडे ऐपत राहीलच कशी, आणि परवाना दिला नाही तर ती येईलच कुठून? पण कमी बोला ही पाटी त्याच्या डोक्यावरच होती. कायद्यानं माझ्या दाराचं कुलूप काढलं होतं, पण बाहेरची कडी तशीच होती.

शेवटी सुमनच म्हणाली, "आवं, परवाना नसंना. हळद कळती न्हवं तुमास्नी? मग दळून इका." एका म्हाताऱ्या मालकाची बंद पडलेली चक्की आम्ही महिना भाड्यानं घेतली, भाडं अर्थात आगाऊ. पट्टा बदलला, जात्याला टाकी लावून घेतली. सुरुवातीला मिरची आणि हळदीचं दळण, मग पुड्या. सुमन पुड्या बांधायची, मी सायकलवरून दुकानांत द्यायचो. नखांच्या कडा पुन्हा पिवळ्या झाल्या. पण साताऱ्यात मिळणारी हळद मला पसंत नव्हती. सांगलीची पाहिजे होती. सांगली सोडल्याला पाच वर्षं झाली तेव्हा मी एस.टी.त बसलो.

बापूच्या अडतीत नव्या हळदीचा ढीग पडला होता. मी हळकुंड मोडलं, रंग बघितला, वास घेतला आणि सवयीनं खिशातला रुमाल काढून हात पुढं केला. बापूनं हात मागं घेतला. आणि सगळ्या मार्केट यार्डाला ऐकू जाईल असा भाव मोठ्यानं सांगितला. वर म्हणाला, "तुझ्याशी उघड्यावरच बोलतो गड्या. रोख टाक, पोतं उचल."

ज्यांना ह्या धंद्यातलं कळत नाही त्यांना वाटेल, त्यात काय झालं? भाव सांगितला, फसवलं तर नाही. पण पेठेत भाव तोंडानं सांगतात तो भिकाऱ्याला किंवा चोराला. त्याच्यापेक्षा बापूनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. पाच-पंचवीस माणसं उभी होती. माझ्या खिशात रोख होती आणि कोर्टाचा हुकूमही होता, घडी घातलेला. कशाचाच उपयोग नव्हता. मी रुमाल खिशात घातला, हळकुंड ढिगावर ठेवलं आणि बाहेर येऊन चहाच्या बाकावर बसलो.

माझ्यामागून एक म्हातारा येऊन शेजारी बसला. बघतो तर कडेगावकडचे ज्ञानू तात्या. दोन सालांची हळद त्यांनी मला विश्वासावर घातली होती आणि माझ्या नादारीत त्यांच्या वाट्याला रुपयाला चार आणे आले होते. थोरल्याच्या लग्नाला ठेवलेले पैसे होते ते. मला वाटलं, आता हे बोलणार, आणि ह्यांनी बोललेलं मी ऐकलंच पाहिजे.

"माझं बुडीवलंसा तुमी," तात्या म्हणाले. "ते इसरलो न्हाई."

"व्हय, तात्या."

"त्या शेटजीनं तुमास्नी बुडीवलं, त्ये बी ठावं हाय. पर माझं तुमीच बुडीवलंसा."

मी मान हलवली. मग तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, बाकावर माझा हात ओढून घेतला आणि वर टॉवेल टाकला. त्यांचा तळवा खरखरीत, कोरडा ठणठणीत. शेकडा दाबला, तो बरोबर होता. दशक दाबलं, त्यात दोन बोटं जास्त. चालू भावापेक्षा क्विंटलला वीस रुपये जास्त. मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. अण्णांनी सांगितलेलं विसरून तोंडाकडे बघितलं. तात्या रस्त्याकडे बघत होते. त्या दोन बोटांनी पुन्हा दाबलं, हळू.

तेव्हा कळलं. कायद्यानं माझ्यावर तात्यांचा एक पैसा राहिला नव्हता. कागद माझ्या खिशातच होता. तात्या वसुली करत होते, माझ्याकडून, पण कुणाला कळू न देता. अख्ख्या पेठेत त्या एका माणसाला वाटत होतं, की ह्याच्याकडून अजून येणं येईल. मी बोटं दाबून होकार दिला. टॉवेलाखाली माझ्याच हाताला घाम होता.

तीन हंगाम मी तात्यांचीच हळद घेतली. दर वेळी तोच बाक, तोच टॉवेल, दोन बोटं जास्त. हिशेब तात्यांनी ठेवला, मी कधी विचारला नाही. दरम्यान बँकेत खातं झालं, मशीन आलं, विजू साताऱ्याच्या शाळेत पहिली आली. ती आता सांगलीला "तुमची सांगली" म्हणते. बरोबर आहे तिचं.

ह्या चैत्रात गेलो. तात्या थकलेत, काठी घेऊन आले होते. टॉवेल टाकला. शेकडा दाबला, दशक दाबलं, आणि थांबले. चालू भाव, तेवढाच. मला वाटलं म्हातारपणानं चुकले असतील. मीच आठवण द्यायला दोन बोटं दाबली. त्यांनी माझी बोटं धरली आणि एकेक करून मिटवली.

"फिटलं," तात्या म्हणाले. "आता बाजारानं घ्या."

पेठेतल्या सोबत्यांनो, कोर्टाचा हुकूम ट्रंकेत आहे, हवा असेल तर येऊन बघा. गाव म्हणून आता मला तुमची पेठ आठवत नाही. तो चहाचा बाक आठवतो. आणि बापू, पुढच्या हंगामात मी यार्डात येणार आहे. तू भाव मोठ्यानं सांगितलास तरी चालेल. मला ऐकू येणार नाही.