कौसाकाकूच्या सुनेचं माहेर

चहा हातात घ्या आधी. हे ऐकून तुम्ही मला वेडी म्हणणारच आहात, निदान गरम गरम चहा पिताना म्हणा.

मी मुळातच दचकणारी. कुकरची शिट्टी झाली तरी माझा हात छातीवर जातो. बी.एस्सी. झाले, वसमतला कॉम्प्युटरचा कोर्सही केला, पण भीती काही गेली नाही. आणि अशा मुलीवर कुरुंद्याच्या आमच्या बायकांनी बचत गटाची वेबसाइट सोपवली. तेव्हा गावात मोबाइल एखाद्याकडेच, इंटरनेट फक्त वसमतच्या कॅफेत. पण गटाची हळद पाकिटं भरून कौसाकाकूच्या माळवदाखाली रचलेली. कौसाकाकू म्हणजे गटाची अध्यक्ष आणि माझी सख्खी चुलती. पावसाळ्याआधी माल गेला नाही तर ओल धरणार, रंग जाणार, आणि वर्षभराची मेहनत उकिरड्यावर. म्हणून बाहेरचं गिऱ्हाईक आणायची जबाबदारी माझ्या त्या एका पानावर.

पानावर हळदीचा फोटो टाकला आणि खाली ईमेलचा पत्ता दिला, सगळ्यांना दिसेल असा मोठा.

पंधरवड्यात पत्रं यायला लागली. मी खूश! उघडून बघते तर कुणी परदेशी मंत्र्याची विधवा मला तिची तिजोरी सांभाळायला देतेय. लॉटरी तर रोजच लागायची. आणि काही औषधांच्या जाहिराती अशा, की शेजारच्या खुर्चीवर आमचे रसायनशास्त्राचे सर बसलेले असताना मी मॉनिटरचं बटणच दाबून टाकलं. सर म्हणाले, "लाइट गेली का गं?" मी म्हटलं, "हो सर." त्यांचा मॉनिटर मस्त चालू होता.

मग कुठंतरी वाचलं, की काही यंत्रं रात्रंदिवस वेबसाइटी धुंडाळतात आणि दिसेल तो पत्ता उचलून नेतात. झालं, माझी झोपच उडाली. काकूला सांगितलं.

"मंग दार अडव की," काकू पाकिटं बांधता बांधता म्हणाली.

"म्हणजे?"

"नवरी दारात आली की नणंद काय करती? नाव घेतल्याबिगर आत सोडती का? तसं तू पन इचार काहीतरी. मान्साला येईल, यंत्राला न्हाई."

तुम्हाला सांगते, मोठमोठ्या कंपन्या हेच तर करत होत्या. मी लगेच ईमेलचा नवा पत्ता काढला आणि पानावर एक चौकट केली: प्रश्नाचं उत्तर लिहा, तरच पत्ता दिसेल. पहिला प्रश्न होता, हळदीचा रंग कोणता? घरी आले आणि धडकी भरली. एवढं तर यंत्रालाही येत असेल! दुसऱ्या दिवशी बदलला: हळद उकडली हे कशावरून कळतं? उत्तर, काडी टोचून. पण तेही कुणीतरी कुठं लिहून ठेवलं असेल तर? मी पुन्हा काकूच्या ओसरीवर.

"काहून येवढी भेऊन राहिली?" काकू वैतागली. "असं इचार, जे लिवलेलंच न्हाई कुठं. माझ्या थोरल्या सुनेचं माहेर कोनतं?"

सून आतून ओरडली, "आत्याबाई, मला काहून मधात घेता!"

आणि मी, पदवीधर मुलीनं, तो प्रश्न खरंच पानावर टाकला.

काय ती शांतता! लॉटरी बंद, विधवा बंद. ईमेलची पेटी अगदी रिकामी. काकू रोज विचारायची, "आलं का कोनी?" मी म्हणायचे, "नाही काकू, एकही चोर नाही."

"चोर न्हाई गं, गिऱ्हाईक!"

तिकडे आभाळ भरून यायला लागलं होतं. आणि एक दिवस पत्र आलं, इंग्रजीत. मॅडम, तातडीचं आहे, मोठ्या प्रमाणात माल हवा, बँकेचे तपशील पाठवा, त्वरित उत्तर द्या. तातडीचं! बँकेचे तपशील! म्हणजे यंत्राला काकूच्या सुनेचं माहेरसुद्धा कळलं? पुसून टाकलं. दुसरं आलं, तेही पुसलं. तिसऱ्यात लिहिलं होतं, मॅडम, मी खरा माणूस आहे. तुम्हीच सांगा, खरा माणूस असं कशाला लिहील? तेही पुसलं आणि धावत काकूकडे गेले.

"काकू, दुसरा प्रश्न दे. त्यांना सुनेचं माहेर कळलं."

"मंग आता सूनच बदलू का?"

रविवारी ओसरीत एक गृहस्थ उभे. पांढरा सदरा, घामाघूम, हातात पिशवी. नाशिकला त्यांचं मसाल्याचं दुकान. काकू उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी.

"कोन तुमी?"

"बाई, तुमच्या सुनेचं माहेर साखरा. आता आणखी काय सांगू?"

बिचाऱ्यांनी वसमतच्या बाजारातल्या एका हमालाकडून ते विचारून घेतलं होतं. तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही, म्हणून शेवटी एसटीत बसले. काकू इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी भिंतीकडे तोंड करून पाणी भरत होते. माठ केव्हाचा भरून वाहत होता.

हळद त्यांना पसंत पडली. जाताना म्हणाले, "ताई, उद्या ईमेलवर भाव कळवा. परवा मला दुसऱ्याला शब्द द्यायचाय. आणि या खेपेला उत्तर द्या बरं."

आता चुकायचं नाही! मी कॅफेत बसून जीव ओतून पत्र लिहिलं. अत्यंत तातडीचं. शंभर टक्के शुद्ध. नमुना मोफत. संधी सोडू नका. त्वरित उत्तर द्या. वर 'हे पत्र खरं आहे' असंही लिहिलं.

दुसरा दिवस संपत आला तरी उत्तर नाही. पहिला शिंतोडा पडला तशी काकूनं मला हाताला धरून एसटीडीच्या दुकानात नेलं, त्यांच्या दुकानाचा नंबर फिरवून घेतला आणि रिसीव्हर कानाला लावला. भाव तिनंच सांगितला, त्यांनी तिथंच हो म्हटलं. माल चार दिवसांनी टेम्पोत चढला.

पण त्या दिवशी भाव ठरल्यावरही फोनवर काकू बराच वेळ नुसती "व्हय, व्हय" करत होती. मग तिनं रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"तुझं पत्र आत्ता भेटलं त्यान्ला. त्यांच्या यंत्रानं कचऱ्यात टाकलं व्हतं म्हने, लॉटरीवाल्यांच्या शेजारी."

मी ओढणीनं डोळे पुसायला लागले.

"रडतीस काहून?" काकूनं रिसीव्हर माझ्या हातात दिला. "त्यांच्या यंत्राला सांग की, माझ्या सुनेचं माहेर साखरा म्हनून."